कोपऱ्यातला खळगा

“ही सही तुमचीच ना?” कुलूपवाल्याने विचारलं, आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून खिशातलं एक पितळी कुलूप काढून त्यावर ठेवलं.

ताईंनी कागद जवळ घेतला. आठ वर्षांपूर्वीचं पत्र होतं. वर संशोधन केंद्राचं नाव, मध्ये ‘तपासलेल्या जनुकांमध्ये कोणताही दोष आढळला नाही’ ही ओळ, आणि खाली त्यांची सही.

“माझीच.”

“वाचून केली होती का?”

“प्रत्येक वाचूनच करते.”

“मग हा पण वाचा.” त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. मोठ्या इस्पितळाचा, दोन महिन्यांपूर्वीचा. नाव त्याच बाईचं, जन्मतारीख तीच. निकाल मात्र उलटा. आईवडिलांकडून आलेला दोष आहे, आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ, असं लिहिलेलं.

“तुमच्या कोण?”

“बहीण. होती. परवा महिना झाला.” त्याने कागदाची कड सरळ केली. मग म्हणाला, “तिचा डॉक्टर सारखा सांगायचा, एकदा दुर्बीण घालून आतडं बघून घे. ही म्हणायची, कशाला, केंद्राचं पत्र आहे माझ्याकडे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं होतं. घडीसुद्धा मोडली नाही.”

ताईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“मी कुलपांचा माणूस. दोन वेगळ्या चाव्या आणून कुणी म्हणालं, दोन्ही याच कुलपाच्या, तर मी समजतो, एक तरी खोटी आहे. एका बाईच्या रक्ताचे दोन निकाल. म्हणजे एक रक्त तिचं नाही. तुम्ही कुणाचं रक्त तपासलंत, डॉक्टरीणबाई?”

“शोधते.”

“लवकर शोधा. तिची मुलगी एकवीस वर्षांची आहे. तिलाही तुमचं असंच पत्र आलंय. पिशवीतच ठेवलंय तिनेही. ते ठेवायचं की फाडायचं, तेवढं सांगा. तोवर मी बाहेर बसतो.”

“आजच्या आज नाही होणार कदाचित.”

“मला घाई नाही. दुकानाला कुलूप लावून आलोय. आणि माझं कुलूप आहे, उघडणार नाही कुणी.”

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. पितळी कुलूप टेबलावरच राहिलं.

ताई या केंद्रात सव्वीस वर्षं होत्या. सुरुवातीला केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक फ्रीजर. त्या दारोदार जात. तुमच्या घरात कोण कशाने गेलं, किती वर्षांचं होऊन गेलं, हे विचारत आणि जाताना थोडं रक्त मागत. लोक दाराची फट तेवढी उघडत. ही बाई रक्त विकते असं बोललं जाई, सोयरिकी मोडायला आलीय असंही. एका आजींनी तर फडकं दाखवून सांगितलं होतं, “रक्त नाही देणार, पण भिंत पुसायची असेल तर पुसून जा.” ताईंनी भिंत पुसून दिली होती. तिसऱ्या खेपेला आजींनी दंड पुढे केला.

आजार झाल्यावर धावायचं नाही, होण्याआधी दार लावायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. एखाद्या घराण्यात दोष सापडला की त्या घरातल्या तरुणांना दरवर्षी तपासणीला पाठवायचं. तीनशेहून जास्त माणसं अशी वेळेत सापडली होती. ती सगळी धडधाकट हिंडत होती, त्यामुळे त्यांतल्या कुणालाच आपण वाचलो आहोत असं वाटत नव्हतं. त्याची ताईंना गंमतच वाटे.

त्यांचा एक नेम होता. पत्रावर सही करण्याआधी नमुन्याचा क्रमांक दोनदा मोठ्याने वाचायचा, मग डोळे मिटून त्या माणसाचं नाव मनात घ्यायचं आणि देवाला सांगायचं, याला सांभाळ. चार हजारांवर पत्रं झाली, एकही या नेमावाचून गेलं नव्हतं. म्हणजे त्या बहिणीचंही नाव घेतलं होतं. घेतलं होतं, आणि खाली चुकीची सही केली होती.

रक्त बदललं असेल तर ते कुठे बदललं?

नमुने सांभाळायचे बर्फकाका. फ्रीजरच्या खोलीत त्यांची हयात गेली म्हणून सगळे त्यांना बर्फकाका म्हणत; खरं नाव पगाराच्या कागदावरच उरलं होतं. फ्रीजरची चावी त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला असे. आंघोळीलासुद्धा ती काढत नाहीत, असं त्यांची बायको तक्रारीच्या सुरात सांगे.

ताईंनी आठ वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. त्या बहिणीच्या नमुन्याची तारीख बघितली आणि त्यांचा हात थांबला. त्याच आठवड्यात जुना फ्रीजर बंद पडला होता. ताई तेव्हा एका परिषदेला गेल्या होत्या. सहाशे नळ्या काकांनी एकट्याने दुसऱ्या फ्रीजरमध्ये हलवल्या होत्या. आणि त्या दिवसाच्या पानावर तीन ठिकाणी पांढरी शाई लावून आकडे बदललेले होते.

हे पान त्यांनी परत आल्यावर बघितलं होतं. तेव्हा विचारलं नव्हतं. काकांना काय विचारायचं, असं वाटलं होतं.

आता एकेक गोष्ट आठवू लागली. काका हल्ली क्रमांक डोळ्यांजवळ नेऊन वाचतात. मोतीबिंदू कधीचा असेल? मागच्या वर्षी त्यांनी नोंदवही वर नव्यानेच आलेल्या मुलीला, चिमणीला, द्यायला खळखळ केली होती. ती का? एकदा शंका आली की माणसाचं साधं खोकणंही वेगळं ऐकू येतं. ताई उठून फ्रीजरच्या खोलीशी गेल्या.

“काका, हे पान तुमचं?”

काकांनी हातमोजे काढले. “माझंच की.”

“पांढरी शाई कशाला लावलीत?”

“कधीचं आहे हे?” त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. “हां, फ्रीजर गेला तो दिवस. सवयीने तापमान उणे ऐंशी लिहिलं होतं. मग काटा बघितला तर उणे एकसष्ट. खोटं कसं ठेवायचं? म्हणून पुसून खरं लिहिलं.”

“आणि नळ्या हलवताना एखादी इकडची तिकडे...”

काकांनी वही मिटली.

“ताई, हे आठ वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी हसून उत्तर दिलं असतं.”

“एक बाई गेलीय, काका.”

“ऐकलं. तो बाहेर बसलेला माणूस मघाशी माझ्या दाराचं कुलूप बघून गेला. म्हणाला, हे मी केसाच्या पिनेने उघडीन. मी म्हटलं, उघडा, आत थंडी आहे.” पण ते हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून दोरा डोक्यावरून काढला आणि चावी ताईंच्या हातावर ठेवली. “शोध लागेपर्यंत तुमच्याकडे राहू द्या.”

“असं मी म्हटलं नाही.”

“तुम्ही कशाला म्हणाल? तुम्ही कुणाला टाकून बोलत नाही.”

चावी गरम होती. ताईंनी ती घेतली. नको म्हणायला हवं होतं, पण त्यांनी घेतली, आणि जिना चढताना मूठ घट्ट मिटून ठेवली.

वर चिमणी बसायची. यंत्रातून निघालेले आकडे वाचणं तिचं काम. आवाज बारीक आणि सारखी टकटक करत टंकायची, म्हणून चिमणी. वर्षभरापूर्वीच ती आली होती.

“या बाईचा जुना निकाल काढ,” ताई म्हणाल्या. “पत्रात गेलेला नको, यंत्राने दिलेला. चाळणीच्या आधीचा.”

“चाळणीच्या आधीचा कशाला? त्यात कचराच असतो.”

“काढ तर.”

चिमणीने काढला. मोठ्या इस्पितळाच्या कागदावरचा दोष शेजारी धरून ती खाली खाली जात राहिली. मग तिची टकटक थांबली.

“ताई, आहे की इथे.”

“काय आहे?”

“हाच दोष. अगदी हीच जागा, हेच अक्षर बदललेलं. नळी तिचीच होती. दुसऱ्या कुणाची असती तर हा इथे कशाला आला असता?”

ताईंनी खुर्ची ओढून घेतली. मुठीतली चावी त्यांनी टेबलावर ठेवली. “शेजारच्या नमुन्याचा शिंतोडा उडाला असेल.”

“शिंतोडा पुसट असतो. हा ठसठशीत आहे. यंत्राने बरोबर पकडलाय, आपणच फेकलाय. चाळणीत.”

रक्त तपासायची प्लेट तळहाताएवढी असते. तिच्यात शहाण्णव खळगे, एकेका खळग्यात एकेका माणसाचा नमुना. यंत्र जे दाखवतं ते सगळंच खरं नसतं. त्याच्या स्वतःच्या काही खोडी असतात, त्या प्रत्येक वेळी उमटतात. त्या चाळून काढायला एक यादी होती, ‘यंत्राचे डाग’ नावाची. बारा वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हा पहिल्या चाळीस प्लेटा बसून तपासून ती ताईंनी केली होती. नियम सोपा होता. जे चाळीसच्या चाळीस प्लेटांवर दिसतं ते यंत्राचं, माणसाचं नाही.

यादी यंत्राच्या वरच भिंतीला चिकटवलेली होती. चिमणीने खुर्चीवर चढून बोट फिरवलं.

“सत्त्याऐंशी नंबर. हा बघा. अक्षर कुणाचं आहे हे?”

“माझं.”

चिमणी खाली उतरली. “पण हा यंत्राचा डाग नाही, ताई. मोठ्या इस्पितळाचं यंत्र वेगळ्या कंपनीचं, तिथेही हा आलाय. मग आपल्या चाळीस प्लेटांवर प्रत्येक वेळी कसा दिसला? चाळीस प्लेटांवर एकच माणूस थोडाच...” ती बोलता बोलता थांबली. तिने एक जुनी प्लेट उघडली, मग दुसरी, मग पाचवी, दहावी. “एकाच खळग्यात आहे. उजव्या हाताचा खालचा कोपरा. सगळ्यांत. तिथे काय असतं?”

“पडताळणीची नळी.” ताईंचा आवाज शांत होता. “यंत्र नीट चाललंय की नाही हे कळावं म्हणून एका ठरलेल्या निरोगी माणसाचं रक्त प्रत्येक प्लेटवर ठेवतात.”

“हो, क्रमांक शून्य. माहीत आहे. मग यादी करताना तो कोपरा वगळायला हवा होता.”

“हवा होता.”

“नाही वगळला?”

“नाही वगळला.”

चिमणी झरझर काहीतरी चालवू लागली. चूक सापडल्याचा तिला एक प्रकारचा आनंद झाला होता. तिचं वयच तसं होतं. “म्हणजे क्रमांक शून्यच्या अंगात जे जे आहे ते आपण बारा वर्षं सगळ्यांच्या निकालांतून पुसत आलो. थांबा, किती जणांचं पुसलं ते काढते. अकरा. चार घराण्यांत अकरा जण.” तिने नावं वाचली. त्यात ती गेलेली बहीण होती आणि तिची एकवीस वर्षांची मुलगीही. मग चिमणीला एकदम काहीतरी सुचलं. “ताई, हा क्रमांक शून्य कोण आहे? त्याला माहीत नसेल. त्याला आधी कळवायला हवं.”

पंखा फिरत होता. भिंतीवरच्या यादीचा सुटलेला कोपरा फडफडत होता.

“कळलं त्याला,” ताई म्हणाल्या.

चिमणीने वर बघितलं, आणि मग तिला बघवेना म्हणून ती पडद्याकडे बघू लागली.

बारा वर्षांपूर्वी पडताळणीचं रक्त बाहेरून यायला उशीर होता, आणि यंत्र तर येऊन बसलं होतं. ताईंनी बाही वर केली होती. मी कधी आजारी पडत नाही, माझं घ्या, असं हसत म्हणाल्या होत्या. त्यानंतर दरवर्षी काका एकदा दंडाला पट्टा बांधून रक्त न्यायचे, नळीवर शून्य लिहायचे. दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

ताई चावी उचलून व्हरांड्यात गेल्या. कुलूपवाला केंद्राच्या कपाटाचं अडकणारं दार मांडीवर घेऊन दुरुस्त करत होता. रिकामे हात त्याला सहन होत नसावेत. त्याला थोडं थांबायची खूण करून त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

“अक्का, आई कशाने गेली?”

“आत्ता? दुपारी कामाच्या वेळी?”

“मला ताप म्हणून सांगितलं होतं.”

अक्काने पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. “का विचारतेस? काय झालंय तुला?”

“तू आधी सांग.”

“ताप शेवटी शेवटी होता. आधी गर्भाशयाचं होतं. तू नऊ वर्षांची होतीस, तुला काय सांगणार?”

“नंतर सांगायचंस.”

“नंतर तू विचारलंस कुठे?” अक्काचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “गावभर दारोदार फिरलीस. कुणाकडे कोण कशाने गेलं, वहीत लिहून घेतलंस. आपल्या दारात वही घेऊन कधी आलीच नाहीस. मला वाटायचं, तुला माहीत असेल. नाहीतर तुला नको असेल माहीत करून घ्यायला.”

ताईंनी भिंतीला हात टेकला. “अक्का, तुला आणि तुझ्या लेकीला इथे यावं लागेल. या आठवड्यात.”

“आम्हाला पण आहे का ते?”

“माहीत नाही. म्हणूनच ये.”

कुलूपवाल्याने ऐकलं होतं. व्हरांडा काही फार लांबरुंद नव्हता. ताई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. बसून सांगणं त्यांना बरं वाटेना.

“रक्त तुमच्या बहिणीचंच होतं. यंत्राने दोषही दाखवला होता. मी केलेल्या यादीने तो पुसला गेला. नळी बदलली नाही, कुणी काही लपवलं नाही. चूक माझी आहे, माझ्या हाताची. तुमच्या भाचीतही तो दोष आहे. तिचं पत्र फाडा. उद्या तिला घेऊन या, तिची तपासणी मी स्वतः उभी राहून करवून घेईन. तिचं वय लहान आहे, दरवर्षी तपासत राहिलं तर तिला जपता येईल.”

तो पाचकस फिरवत राहिला. “हे लिहून द्याल?”

“देते.”

“सहीसकट?”

“सहीसकट. आणि उरलेल्या नऊ जणांच्या घरी मी जाणार आहे. त्यांतले किती जण हयात आहेत तेही मला आज माहीत नाही.”

“तुम्हाला दारात उभं करणार नाहीत.”

“सव्वीस वर्षांपूर्वीही करत नव्हते.”

त्याने दार उलटं करून बिजागरी बघितली. “मघाशी फोनवर म्हणालात ते. तुमच्या घरातही हेच?”

“माझ्यातही हेच. त्या कोपऱ्यातलं रक्त माझं आहे.”

त्याने पाचकस खाली ठेवला. मग म्हणाला, “म्हणजे चार पिढ्यांमागे कुठेतरी आपली चूल एकच असणार.”

“असेल.”

“मी रक्त दिलं नव्हतं तेव्हा. बहीण म्हणाली, दे. मी म्हटलं, माझा विश्वास नाही. आताही नाही.” त्याने बाहीचं बटण काढलं. “पण घ्या. आधी तुमचं काढा. मी बघतो, मग माझं.”

ताई त्याला घेऊन खाली गेल्या. काका आपल्या खोलीबाहेर स्टुलावर बसून होते. चावी नसल्यामुळे आत जाता येत नव्हतं आणि कामाची वेळ संपली नसल्यामुळे घरीही जाता येत नव्हतं. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं, यादीपासून अक्कापर्यंत. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“शून्य नंबर,” ते एवढंच म्हणाले. “मीच लिहीत होतो दरवर्षी.”

“तुम्ही बरोबर लिहीत होता. मीच तुमच्यावर...”

“दोन नळ्या लागतील ना? पट्टा आणतो.”

त्यांनी ताईंच्या दंडाला पट्टा बांधला. सुई पहिल्याच खेपेला बरोबर गेली. मोतीबिंदूचा संशय ताईंना तेवढ्यातही आठवला आणि त्यांनी मान खाली घातली. कुलूपवाला तोंडाजवळ हात नेऊन, एखादी नवी कळ उघडताना बघावी तसा बघत होता. नळी भरली. काकांनी पेन काढलं आणि ते थांबले.

“काय क्रमांक लिहू?”

“जो पुढचा असेल तो.”

त्यांनी वही उघडली, बोटाने शेवटची ओळ शोधली आणि नळीवर सावकाश लिहिलं. मग केंद्राच्या रीतीप्रमाणे दोनदा मोठ्याने वाचलं, “एकेचाळीसशे त्र्याऐंशी. एकेचाळीसशे त्र्याऐंशी.” वहीत नावाच्या रकान्यात ताईंचं नाव गेलं, आणि ‘घरात पूर्वी कोणाला’ या रकान्यात ताईंनी स्वतः लिहिलं, आई.

मग कुलूपवाल्याचीही नळी भरली. ताईंनी चावी पुढे केली. “घ्या, काका.”

काकांनी घेतली, फ्रीजर उघडला, नळ्या आत ठेवल्या, कुलूप लावलं आणि चावी परत ताईंच्या समोर धरली.

“तुमच्याकडेच राहू द्या.”

“काका, मी चुकले म्हटलं ना.”

“म्हणालात. मी रागावलो नाही, ताई. पण उद्या काही झालं तर पुन्हा तुम्हाला जिना उतरून यायला नको. मी रोज मागून घेईन. नोंद करून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ताई टेबलाशी बसल्या होत्या. समोर अकरा नावांची यादी होती. पहिल्या नावापुढे त्यांनी पत्ता लिहिला होता आणि पायात चपला चढवल्या होत्या. दाराशी बर्फकाका येऊन उभे राहिले. हातात वही होती, बोट ठेवलेली. सव्वीस वर्षांत ते या दाराशी असे कधी थांबले नव्हते.

“ताई, चावी.”

ताईंनी खणातून काढून दिली. काकांनी वहीत वेळ लिहिली, नऊ वाजून दोन मिनिटं, आणि वही सहीसाठी पुढे केली. ते वाकले तेव्हा सदऱ्याची कॉलर थोडी सरकली. मानेभोवती, जिथे इतकी वर्षं दोरा होता, तिथे कातडीवर एक पांढुरकी रेघ होती.

ताईंनी वेळ दोनदा मोठ्याने वाचली आणि सही केली.